शनिवारी आलेलं पाणी

बारा वाजून गेले तरी पाण्याचा पत्ता नव्हता, आणि एल साउसाल गावातली चारशे माणसं नदीकाठच्या गोट्यांवर गुडघे टेकून बसली होती.

समोर 'नवरी' धबधब्याचा कडा कोरडा ठणठणीत. एरवी जिथून पाणी कोसळायचं तिथे पांढऱ्या चुनखडीवर वाळलेल्या शेवाळाचे काळे ओघळ तेवढे उरले होते. कुंडाकडे उतरणाऱ्या वाटेवर सरकारने लोखंडी फाटक ठोकलं होतं, फाटकाला साखळी, साखळीला कुलूप आणि वर पाटी: 'पाणी अपुरे. दगडी पायऱ्यांची मोडतोड. पुढील आदेशापर्यंत पर्यटकांना प्रवेश बंद.' पाटीवर कोणीतरी चिखल फासला होता. ज्या गावात घरटी एक होडी किंवा एक खाणावळ, त्या गावाने दुसरं काय फासायचं?

एका खडकावर गावोगाव प्रवचनं करत फिरणारा बंधू आपोलिनार उभा होता. पांढराशुभ्र सदरा, डोक्यावर ताडाच्या पात्यांची टोपी आणि छातीशी शेतकऱ्यांचा संत सान इसिद्रो, लाकडी बैलजोडीसकट.

"लेकरांनो, सरकारनं कुलूप कुणाला घातलं? तुम्हाला? छे! सान इसिद्रोला घातलं! तो म्हणाला, मला साखळी? घ्या, नेतो पाणी! पण काल स्वप्नात आला आणि म्हणाला, आपोलिनार, माझ्या लेकरांना गुडघ्यांवर आण. पवित्र शनिवारी दुपारी पाणी सोडतो."

"दुपारी म्हणजे किती वाजता?" मागून शाळेच्या नोएमीबाईंनी विचारलं.

"बाई, संताच्या मनगटावर घड्याळ नसतं!"

लोक खदखदून हसले. त्यात क्रिसांतो सगळ्यात मोठ्याने हसला.

खरं तर प्रार्थना अकरा वाजताच संपली होती. पाणी आलं नाही, तेव्हा बंधूंना दिसलं की मागच्या रांगेत कोणीतरी टोपी काढलेली नाही, म्हणून ती पहिल्यापासून सुरू झाली. बारा वाजता ती दुसऱ्यांदा संपली. तेव्हा कळलं की एका बाईने मध्येच पोराला दूध पाजलं. पुन्हा पहिल्यापासून. संत फारच बारकाईने बघत होता.

क्रिसांतोच्या शेजारी त्याची म्हातारी आई तोमासा होती. गावातल्या देवळापासून इथवर दीड किलोमीटर ती गुडघ्यांवर आली होती. नवस बोलला की असंच यायचं, ही तिथली जुनी रीत. "आई, पुरे आता, बस जरा," क्रिसांतो म्हणाला. "गप रे," ती म्हणाली, "पाणी आलं की बसते."

पाऊण वाजता कोणीतरी किंचाळलं. कड्यावरून सुतळीएवढी एक धार ओघळली. मग दुसरी. मग वरच्या बाजूने घरघर ऐकू आली, आणि बघता बघता नवरीने पदर सोडला. चारशे माणसं एकदम रडली. बंधू आपोलिनारने डोळे मिटून असा काही सुस्कारा टाकला की त्याला स्वतःलाच सुटल्यासारखं वाटलं असावं. क्रिसांतो तर लहान पोरासारखा हुंदके देत होता. वय सत्तेचाळीस, वरच्या उसाच्या मळ्यावर एकोणीस वर्षं पंप चालवणारा गडी, सणासाठी गुरुवारी रात्री घरी आलेला. त्याने आईचे हात धरले आणि म्हणाला, "आई, आलं गं! आलं!"

त्या भागात पवित्र शनिवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या दिवशी, एकमेकांना पाण्याने भिजवायची पद्धत आहे. पाणीटंचाईमुळे सरकारने त्यावरही बंदी घातली होती. मग काय, ती बंदी मोडायला निमित्तच मिळालं. बादल्या, घागरी, टोप्या, मिळेल त्याने लोक एकमेकांना भिजवत सुटले.

फक्त नोएमीबाई कोरड्या होत्या. छातीशी त्यांनी कागदांचा गठ्ठा धरला होता. जलखात्याकडे द्यायचा अर्ज होता तो. वरच्या मळ्याच्या उपसा परवान्याची मुदत संपत आली होती, येता शुक्रवार सोडून त्याच्या पुढच्या शुक्रवारी सुनावणी होती. गावाकडून एकही हरकत गेली नाही तर परवाना दहा वर्षांनी वाढणार होता. "सरकारनं माणसं अडवली, पण पंप नाही अडवले," असं बाई घरोघर जाऊन सांगत होत्या. महिनाभर हिंडून त्यांनी एकशे चाळीस सह्या जमवल्या होत्या, सगळ्या पेनाच्या शाईने.

"बाई, आता कशाला तो कागद?" होडीवाला लासारो ओरडला. "पाणी आलं की!"

"आलं, पण कुठून आलं ते विचारा ना," बाई म्हणाल्या. "आभाळात ढग नाही. मग आलं कुठून?"

"ऐकलंत?" बंधू गरजला. "डोळ्यांसमोर धबधबा, आणि या विचारतात कुठून आलं! हाच तो संशय, लेकरांनो, यानंच तर पाणी आटलं होतं!"

क्रिसांतोने काय केलं ते सांगायला नको वाटतं, पण सांगायलाच हवं. त्याने बादली भरली आणि हसत हसत बाईंच्या अंगावर, बरोबर त्या गठ्ठ्यावर, रिकामी केली. सणाचा दिवस, रागवायचं कोणी नाही, ही त्याची पळवाट. लोकांनी टाळ्या पिटल्या. बाईंनी एकेक कागद सुटा करून पाहिला. एकशे चाळीस नावं निळ्या पाण्यात विरघळून त्यांच्या मनगटांवरून ओघळत होती, आणि त्यात क्रिसांतोच्या बायकोचंही नाव होतं.

*

रविवारी सकाळी तोमासा त्याची शिदोरी बांधत होती. मक्याच्या जाड भाकऱ्या, आत घेवडा भरलेला.

"उद्या पहाटे पंप चालू करायचे ना रे? मग आता नीघ, उशीर करू नको."

"हो," तो म्हणाला, आणि एक बूट घालून तसाच बसून राहिला.

पंप चालू करायचे. म्हणजे ते बंद होते. ते बंद कोणी केले? त्यानेच. गुरुवारी संध्याकाळी सात वाजता, सगळे मजूर घरी निघाले तेव्हा, त्याने स्वतःच्या अंगठ्याने सहा स्टार्टरची सहा लाल बटणं दाबली होती. दर वर्षी दाबायचा. पवित्र आठवड्यात मळा बंद, कारखाना बंद. गुरुवार सात ते शनिवार पाऊण. वाटेत वाळलेले डोह आधी भरणार, मग पाणी पुढे सरकणार. जेमतेम बेचाळीस तास.

गेल्या वर्षीही याच शनिवारी धबधबा फुगला होता. तेव्हा तो पुरता आटलेला नव्हता, आणि पर्यटकांच्या गर्दीत जो तो आपल्या गल्ल्यापाशी होता. 'नशीबवान आहात हो,' असं गिऱ्हाइकांना सांगून सगळे मोकळे झाले होते. गावातले निम्मे पुरुष त्या मळ्यावर राबत, पंप बंद झालेले बघत, त्याच नदीच्या काठाने घरी येत, आणि दोन दिवसांनी त्याच नदीत पाणी वाढलं की आश्चर्य करत. वरचं काम वर ठेवून यायचं आणि खाली आलं की फक्त देवाचं बघायचं, अशी सगळ्यांना सवयच लागली होती.

मग त्याला आणखी एक आठवलं आणि कानशिलं तापली. महिनाभरापूर्वी बंधू आपोलिनार पंपघरात आला होता. क्रिसांतोच्याच स्टुलावर बसून, क्रिसांतोचीच कॉफी पीत, त्याने सहज विचारलं होतं, "सणाला किती दिवस बंद असतं हो तुमचं?" आणि क्रिसांतोने मोठ्या ऐटीत सगळं सांगितलं होतं, कधी बंद, कधी चालू, पाणी खाली पोचायला किती वेळ. शिवाय निघताना बंधूच्या गाडीत मळ्याच्या टाकीतलं डिझेलही भरून दिलं होतं. मुकादमाचा तसा हुकूमच होता. मुकादम एवढा भाविक कधीपासून झाला, हे विचारायचं त्याला सुचलं नव्हतं.

सांगायला हवं होतं. त्याच क्षणी एका बुटानिशी अंगणात जाऊन ओरडायला हवं होतं. पण शनिवारपासून लोक त्याला मिठ्या मारत होते. बंधूंनी त्याला संताची पालखी धरायचा मान दिला होता. नोकरीचा प्रश्न होता. आणि बाईंच्या मनगटांवरून ओघळणारी ती शाई होती. आता तोंड उघडायचं तर आधी तिच्याबद्दल उघडावं लागणार. त्याने दुसरा बूट घातला आणि निघाला.

सोमवारी पहाटे त्याने सहा हिरवी बटणं दाबली. बुधवारी नवरी पुन्हा कोरडी पडली.

बंधू आपोलिनारला त्याचंही नवल वाटलं नाही. "संशय!" तो देवळात म्हणाला. "गावात कुणाच्या तरी मनात खोट आहे, म्हणून पाणी परत गेलं. या रविवारी म्हाताऱ्या आयांनी गुडघ्यांवर जावं. आईचं संत ऐकतो."

तोमासा पुन्हा निघाली. शनिवारी सोललेल्या गुडघ्यांवर अजून साल धरली नव्हती. क्रिसांतो सुट्टीला आला होता, तो तिच्या शेजारून चालत होता, आणि त्याला सगळं ठाऊक होतं. वर सहाही पंप चालू होते. पाणी येणं शक्य नव्हतं. दीड किलोमीटर तो खाली मान घालून चालला, आणि तिच्या मागे गोट्यांवर पडणारे लाल ठिपके बघत राहिला. एक शब्द बोलायचा होता. दर दहा पावलांवर तो शब्द तोंडाशी यायचा आणि हा माणूस तो गिळायचा. नुसतं वाचतानाही आपल्याला लाज वाटते, मग त्याचं काय झालं असेल?

पाणी आलं नाही. संध्याकाळी तोमासा खाटेवर पडून छताकडे बघत होती. "माझ्यातच खोट आहे रे," ती म्हणाली. "तुझा बाप गेला तेव्हा मी देवाला शिव्या दिल्या होत्या. तेच नडलं सगळ्या गावाला. शुक्रवारी परत जाते."

क्रिसांतो उठला आणि सरळ नोएमीबाईंच्या घरी गेला.

*

बाई वह्या तपासत होत्या. त्याला दारात पाहून त्यांनी हातातली वही पटकन मिटली आणि कडेला सरकवली.

"बादली नाही आणली," तो म्हणाला. मग उंबऱ्यावर बसून त्याने रडत रडत बाईंची माफी मागितली आणि सगळं सांगितलं.

बाईंनी ऐकून घेतलं. "मला शंका होती," त्या म्हणाल्या. "पण पंप कधी बंद होतात, कधी चालू होतात, हे मला कोण सांगणार? मी विचारलं होतं. तुमच्याच पोरांना विचारलं, ते म्हणाले बाबांना माहीत. बाबा बोलायला तयार नव्हते."

"आता सांगतो. सगळ्यांना सांगतो."

"नुसतं सांगून कोण ऐकेल? तो म्हणेल, याचीही श्रद्धा ढळली. परत कुणीतरी बादली घेऊन उभं राहील." बाईंनी खडू उचलला. "सांगू नका, करून दाखवा. पाणी येण्याआधी ते कधी येणार हे सांगता येईल तुम्हाला?"

क्रिसांतोने बोटांवर हिशोब केला. या वेळी डोह अर्धे भरलेले असतील. "मंगळवारी संध्याकाळी सातला बंद केले तर गुरुवारी बाराच्या आसपास. तासभर इकडेतिकडे."

"नोकरी जाईल तुमची."

"जाऊ दे. आई नाही म्हटलं तरी शुक्रवारी परत गुडघ्यांवर जाणार आहे."

मंगळवारी सात वाजता त्याने सहा लाल बटणं दाबली. बुधवारी मुकादमाला सांगितलं, मोठ्या मोटरचं बेअरिंग गेलंय, बाकीच्यांवर ताण नको. गुरुवारी सकाळी सहा वाजता मुकादमाच्या लक्षात आलं की बेअरिंग शाबूत आहे. सव्वासहाला क्रिसांतोची नोकरी गेली, साडेसहाला पंप चालू झाले. एवढी बातमी घेऊन तो घरी आला.

शाळेच्या फळ्यावर बाईंनी बुधवारीच मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं होतं: 'गुरुवारी दुपारी बाराच्या सुमारास धबधब्याला पाणी येईल. प्रार्थना करायची नाही. गुडघे टेकायचे नाहीत. जेवण करून यावे.'

गाव आलं. कोणी चिडून, कोणी मजा बघायला. तोमासाला लासारोने खुर्चीसकट उचलून आणलं होतं. कोणी नारळाचं पाणी पीत होतं, पोरं हुंदडत होती, बाया आपापल्या लेकरांना दूध पाजत होत्या, निम्म्या लोकांच्या डोक्यावर टोप्या होत्या. संताला राग यावा म्हणून जे जे करता येईल ते सगळं चालू होतं.

बाराला पाच कमी असताना कड्यावरून सुतळीएवढी धार ओघळली.

कोणी किंचाळलं नाही. कोणी रडलं नाही. चारशे माणसं तोंडात मारल्यासारखी उभी राहिली. पाणी वाढत गेलं, कुंडात कोसळू लागलं, आणि त्याच वेळी धापा टाकत बंधू आपोलिनार संताला काखोटीला मारून येताना दिसला. गाडी लांबच सोडून धावत आला होता.

"पाहिलंत! लेकरांनो, माझी रात्रीची प्रार्थना! गुडघ्यांवर या, गुडघ्यांवर!"

"बंधू," क्रिसांतो पुढे झाला. "हे पाणी परत कधी जाणार?"

"काय?"

"संताला विचारून सांगा. पाणी आणता तुम्ही, तर जायची वेळही ठाऊक असेल."

"ते... ते तुमच्या श्रद्धेवर आहे."

"नाही. उद्या मध्यरात्रीपर्यंत जाईल. आज साडेसहाला पंप चालू झालेत, म्हणून." मग तो गावाकडे वळला. "शनिवारचं पाणी मी सोडलं होतं. सणाच्या गुरुवारी घरी येताना पंप बंद केले, बस, तेवढंच. आजचंही मीच सोडलं. हे बंधू महिन्यापूर्वी माझ्याकडून वेळ विचारून गेले. त्यांच्या गाडीत मळ्याचं डिझेल मीच भरलं. पाणी वर उसात जातंय, आणि तिकडं कुणी बघू नये म्हणून आपल्याला इथं गुडघ्यांवर बसवलं."

लासारोने बंधूकडे पाहिलं. "काय हो, खरंय?"

"सैतान बोलतोय त्याच्या तोंडून!"

"सैतानाला बरी पंपाची माहिती!" कोणीतरी मागून म्हणालं, पण फार कोणी हसलं नाही. हसण्याची वेळच नव्हती. जो तो आपापले गुडघे आठवत होता. बंधू आपोलिनार मागे सरकत सरकत वाटेला लागला, त्याला अडवायचंही कोणाला सुचलं नाही. संताची मूर्ती तेवढी लासारोने त्याच्या काखेतून काढून घेतली. ती देवळाची होती.

नोएमीबाई एवढंच बोलल्या: "देवाला मानायचं त्यानं मानावं, मी कुणाला अडवत नाही. पण पाणी वरून येतं. ते आलं नाही तर आधी वर जाऊन बघा, कोण अडवतंय ते. कुणी म्हणालं चमत्कार झाला, तर विचारा, परत करून दाखवता का, आणि कधी होणार ते आधी सांगता का? हे विचारणं पाप नाही. न विचारल्यामुळे आपण महिनाभर ज्याच्यावर रागवायचं त्याला सोडून एकमेकांवर संशय घेत राहिलो."

खुर्चीतून तोमासाने हाक मारली. "क्रिसांतो."

तो तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. तिच्या गुडघ्यांना फडकी बांधलेली होती.

"शनिवारी तुला ठाऊक होतं?"

"नाही, आई. रविवारी सकाळी कळलं."

"मग गेल्या रविवारी मी परत गेले, तेव्हा?"

सगळं गाव ऐकत होतं. तो खोटं बोलू शकला असता. "ठाऊक होतं," तो म्हणाला.

"माझ्या शेजारून चालत होतास," ती म्हणाली. "मला वाटलं, माझी काळजी वाटते म्हणून मान खाली घातलीय."

जमीन दुभंगली असती तर क्रिसांतो आनंदाने आत गेला असता.

"बाईंची माफी मागितलीस?"

"मागितली. त्यांच्या घरी जाऊन."

"भिजवलंस सगळ्यांसमोर आणि माफी घरात?"

तो वळला. चारशे माणसांसमोर त्याने नोएमीबाईंपुढे हात जोडले आणि म्हणाला, "बाई, त्या दिवशी मी सणाच्या आडून तुमचा कागद मुद्दाम भिजवला. टाळ्या मिळाव्यात म्हणून. मला माफ करा." त्या दिवशी टाळ्या पिटणारे सगळे खाली बघत होते.

बाईंनी पिशवीतून नवा कागद काढला. सुनावणी दुसऱ्या दिवशी सकाळी होती. वर लिहिलं होतं: नदीत धबधब्यापुरतं पाणी राहील एवढाच उपसा करू द्यावा, आणि फाटक उघडल्यावर रोज किती माणसं आत सोडायची हे गावाला विचारून ठरवावं. सहीची जागा कोरी होती. लोक एकमेकांकडे बघत राहिले, पुढे कोणी येईना. लाज वाटत होती सगळ्यांनाच.

"इकडं आण," तोमासा म्हणाली.

तिला लिहिता येत नव्हतं. तिने अंगठा शाईत बुडवला, फडक्याने बांधलेल्या गुडघ्यावर कागद ठेवला आणि ठसा उमटवला. क्रिसांतो घाईघाईने कागद उचलून पुढच्या माणसाकडे न्यायला लागला, तशी तिने त्याचं मनगट धरलं.

"थांब," ती म्हणाली. "आधी वाळू दे."

आणि मग क्रिसांतो, एकोणीस वर्षं पंप चालवलेला माणूस, तो कागद दोन्ही हातांत आडवा धरून, पाण्याच्या तुषारांकडे पाठ करून, आईची शाई वाळेपर्यंत उन्हात उभा राहिला.